विहाराची मूर्ती, ध्वज, चक्र आणि भिंत: चिन्हं नेमकी कशी करावीत?

सातपूर_उपासिका

जय भीम, नमो बुद्धाय.

नाशिकच्या सातपूर भागातल्या एका विहाराचं नूतनीकरण पावसाळा संपला की सुरू होतंय. सभागृह २० बाय ३० फूट, वर स्लॅब. समितीत चार गोष्टींवर मतं जुळत नाहीत: मूर्ती कुठल्या मुद्रेतली आणि कशाची, ध्वज छापील की शिवलेला, गेटवरच्या चक्राला आरे ८ की २४, आणि २० फुटी समोरच्या भिंतीवर काय रंगवायचं.

प्रश्न सजावटीचा असता तर धागा काढला नसता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली आणि घराघरांतले देव्हारे उतरले. धर्म म्हणून सत्तर वर्षं हा फार थोडा काळ आहे. आपल्याकडे आज जे भिंतीवर लागतं तेच पुढच्या पिढीला 'परंपरा' म्हणून मिळणार. वंदनेचा अर्थ कळायच्या आधी लहान मुलं मूर्तीकडे, ध्वजाकडे बघूनच धम्म शिकतात. म्हणून जाणकारांनी मोजमापासकट लिहावं ही विनंती.

लेणीवाचक

ताई, सुरुवात त्रिरश्मी लेण्यांपासून (पांडवलेणी) करा. शहरातच आहेत, आणि तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांचा विचार तिथे दगडात झालेला आहे.

लेणं क्रमांक ३ बघा. गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे तेच, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातलं. ओवरीखाली तुळई खांद्यावर पेललेले सहा गण आहेत, सगळे त्यांचेच फोटो काढतात. पण दाराच्या वर नजर न्या: बोधिवृक्ष, स्तूप, चक्र आणि त्यांना वंदन करणारी माणसं. आत मागच्या भिंतीवर उठावात कोरलेला स्तूप. मूळ कामात बुद्धाची मूर्ती कुठेही नाही. क्रमांक १८ च्या चैत्यगृहातही (वंदनेच्या दालनात) वंदनेचं स्थान म्हणजे स्तूपच. मोठ्या बुद्धमूर्ती दिसतात त्या क्रमांक २, २० आणि २३ मध्ये, त्या काही शतकांनी नंतरच्या. म्हणजे आधी चिन्ह आलं, मूर्ती मागून आली. विहारात मूर्ती नसेल तर विहार अपुरा, हा समज या डोंगरावर टिकत नाही.

आता क्रमांक १०, क्षत्रप राजा नहपानाच्या काळातलं, त्याचा जावई उषवदात याच्या लेखांचं. तिथेही मागच्या भिंतीवर असाच स्तूप होता. पुढे त्याच दगडातून भैरवाची आकृती घडवली गेली. चिन्हाचा अर्थ सांगणारी माणसं उरली नाहीत की दगड तोच राहतो आणि अर्थ पालटतो. समितीने मूर्तीवर जेवढा खर्च धरलाय त्यातला थोडा तरी, काय लावलंय आणि का लावलंय हे सांगणाऱ्या फलकावर करावा.

एक कळकळीची विनंती: अभ्यासाला गट घेऊन जाल तेव्हा लेण्यांत मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका, मूर्तीला हार घालू नका. काजळी आणि मेण बेसॉल्टच्या छिद्रांत बसतं, आणि घासून काढायला गेलं की कोरीव कडाच झिजतात. वंदना म्हणा, त्याला काहीच लागत नाही.

शाडूमाती

मूर्तीबद्दल.

आधी मुद्रा. वंदनेच्या सभागृहाला ध्यानमुद्रा किंवा भूमिस्पर्श. भूमिस्पर्शात उजवा हात उजव्या गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीकडे; डावा हात मांडीवर, तळवा वर. चीवर (भिक्खूचं वस्त्र) डाव्या खांद्यावर, उजवा खांदा उघडा. हे सगळं इतकं सांगायचं कारण म्हणजे बाजारात उलट मूर्ती सर्रास मिळतात. मोबाईलवर उलटा झालेला फोटो समोर ठेवून माती लावली की डावा हात जमिनीला टेकतो आणि खांदाही बदलतो. ऑर्डर देताना फोटोवर 'उजवा' आणि 'डावा' असं हाताने लिहून द्या.

दुसरी चूक रंगकाम करणाऱ्याकडून होते. दोन भुवयांच्या मधे ऊर्णा असते, बारीक उंचवटा. रंगाऱ्याला ती टिकली वाटते आणि तो तिथे लाल ठिपका देतो. एका ठिपक्याने मूर्तीला गंध लागतं! ऊर्णा चेहऱ्याच्याच रंगात ठेवा, फार तर सोनेरी. डोळे उघडे की अर्धोन्मीलित हे समितीने ठरवावं. आपल्या लोकांत उघड्या डोळ्यांची मूर्ती आवडीची आहे आणि त्यामागे जगाकडे बघणारा बुद्ध हा विचार आहे. पण उघडे डोळे रंगाने करू नका, पापणीची कड मातीतच उठवून घ्या. नुसत्या रंगाचे डोळे दोन वर्षांत फिके पडतात आणि नजर हरवते.

माध्यम: ३ फुटी बैठी मूर्ती सभागृहात आत असेल तर फायबर चालतं. साच्यात आधी जेलकोट, मग ४५० ग्रॅमच्या (काचतंतूंच्या) मॅटचे किमान ३ थर, मान आणि तळाशी ४. अंदाजे ३ किलो मॅट आणि ८ किलो रेझिन लागतं. हार्डनर १ किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा उतरतो तेव्हा १० ग्रॅमवर माल लवकर बसत नाही, चिकट राहतो. एप्रिलच्या दुपारी २० ग्रॅम टाकलं तर डब्यातच गोठतं. कोबाल्ट (माल लवकर बसावा म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटून मगच हार्डनर. नवख्या कारखान्यात हे उभं राहून बघा.

फायबर पेटतं. मेणबत्त्यांचं स्टँड मूर्तीपासून निदान २ फूट पुढे.

ब्राँझ करणार असाल तर ८५-५-५-५ (तांबं, कथील, जस्त, शिसं), जाडी ५ ते ६ मिमी. पुतळा सार्वजनिक जागेत बसणार असेल तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हे आधी, ओतकाम त्यानंतर. उलटं केलं आणि नमुन्यात बदल सुचवला गेला तर अख्खं ओतकाम वाया.

चौथरा ३० इंचांचा पुरे. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असते. चौथरा साडेचार फूट केला की पुढच्या रांगेला मूर्तीची हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात. मूर्तीच्या मागे खिडकी नको, चेहरा काळवंडतो. दिवा बरोब्बर डोक्यावर नको, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. दोन दिवे, समोरून डावी-उजवीकडे तिरके, पिवळसर प्रकाशाचे.

पाथर्डी_फाटा

शाडूमाती, छान लिहिलंत. बाबासाहेबांच्या पुतळ्याबद्दलही लिहा ना. आमच्याकडे बुद्धमूर्तीच्या शेजारी अर्धपुतळा ठेवायचा विचार आहे, मागे प्रभावळीसकट.

शाडूमाती

पुतळ्याचं आधी तांत्रिक सांगतो. चौकातला उभा पुतळा: निळा सूट, टाय, चष्मा, खिशाला पेन, डाव्या हाताशी संविधान, उजव्या हाताची तर्जनी पुढे. संसदेच्या आवारात १९६७ मध्ये बसलेला ब्राँझचा पुतळाही हात पुढे केलेलाच आहे. गावोगावच्या गवंड्यांनी आणि पेंटरांनी हे रूप इतकं पक्कं केलंय की चेहरा थोडा चुकला तरी ओळख चुकत नाही. एवढ्या थोड्या काळात पूर्ण प्रतिमा बसवणं ही मोठी कलाकामगिरी आहे, आणि ती बहुतेक निनावी हातांची आहे.

सिमेंटच्या पुतळ्यात तडा जातो तो उजव्या खांद्याला. पुढे आलेल्या हाताचं सगळं वजन तिथे येतं. १० मिमीच्या दोन सळया हातातून धडात निदान २ फूट खाली उतरवा, वर २५ मिमी माल हवा. बोटात लोखंड घालूच नका, तिथे माल बसतो जेमतेम सेंटिमीटरभर; पाणी शिरून सळई गंजते, फुगते आणि बोट तुटतं. स्टेनलेस स्टीलची ६ मिमीची काडी वापरा. दर जयंतीला नुसता रंग मारला की तडा झाकला जातो आणि आत गंज चालूच राहतो. रंगाआधी लाकडी हातोडीने हलके ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे आधी दुरुस्ती.

आता विहारातल्या पुतळ्याचं. निळा सूट आणि संविधान ही चौकाची, नागरिकांना उद्देशून असलेली प्रतिमा आहे. दीक्षेच्या दिवशी बाबासाहेब पांढऱ्या पोशाखात होते. विहारात तीच प्रतिमा ठेवा: शुभ्र वस्त्रातला, धम्म स्वीकारणारा उपासक. ती बुद्धमूर्तीच्या एका बाजूला आणि थोडी खाली.

लेणीवाचक

प्रभावळ नको, पाथर्डी_फाटा दादा. देव-अवतार नाकारणाऱ्या २२ प्रतिज्ञा ज्यांनी दिल्या त्यांच्यामागे तेजोवलय लावणं हे त्या प्रतिज्ञांच्या दिशेने जात नाही. ज्या माणसाने अभ्यासाने, कष्टाने उंची गाठली त्याला वलय लावलं की मुलाला वाटतं हे आपल्याने व्हायचं नाही.

पाथर्डी_फाटा

आपल्या विचाराचा आदर आहे, पण पटत नाही. भिक्खू संघाकडून आणि लोकांकडून त्यांना बोधिसत्त्व म्हटलं जातं, आणि बोधिसत्त्वाच्या मागे प्रभामंडळ दाखवणं ही बौद्ध कलेची जुनी रीत आहे. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना वलयाच्या फोटोपुढे हात जोडताना दैवी चमत्कार आठवत नाही, उपकार आठवतात. त्यांची भक्ती अडाणी ठरवू नये.

लेणीवाचक

अडाणी मुळीच नाही. घरातल्या फोटोबद्दल माझं काही म्हणणं नाही. विहार ही शिकवायची जागा आहे, म्हणून तिथे कडक राहावं एवढंच.

शिलाई_पंचवटी

ध्वज. छापील घेऊ नका. बाजारातल्या छापील ध्वजांत शेवटची पट्टी हमखास चुकलेली असते.

हा ध्वज १८८५ मध्ये कोलंबोत तयार झाला, त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा फडकला. पुढच्या वर्षी त्याचं माप नेहमीच्या ध्वजासारखं केलं गेलं, आणि १९५० मध्ये जागतिक बौद्ध संघटनेने तो स्वीकारला. दांडीकडून क्रम: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. सहावी पट्टी याच पाच रंगांच्या आडव्या तुकड्यांची, वरून खाली हाच क्रम. काही कारागीर ही पट्टी उलटी जोडतात, वर केशरी येतो. काही जण गुलाबी घालतात, ते चूक.

३ बाय २ फुटांचं माप देते. रुंदी ३६ इंच, सहा सारख्या पट्ट्या, म्हणजे प्रत्येकी ६ इंच तयार. शिवणीला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच, म्हणून कापताना ७ इंच. उंची २४, वर-खाली दुमडायला धरून २५. सहाव्या पट्टीचे तुकडे तयार ४.८ इंच, कापताना ५.८ इंच. आधी हे पाच तुकडे जोडून इस्त्री करा, मोजून दुमड धरून २५ भरतात का बघा, मगच मोठ्या पट्ट्यांना जोडा. इथे चार जोडांत एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं की पट्टी आखूड पडते आणि टोकाला झोळ येतो. ४४ इंच पन्ह्याचं प्रत्येक रंगाचं पाव मीटर पुरतं.

दांडीच्या नेफ्याला वेगळं पांढरं कॅनव्हास लावा. नेफा निळ्यातूनच काढला तर निळी पट्टी बारीक दिसते. सुती कापड घेणार असाल तर लाल आणि निळं आधी वेगवेगळं धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच पावसात पांढऱ्यावर उतरतं. वाऱ्याने आधी फाटते ती सहावी पट्टी, म्हणून मोकळ्या कडेला दुहेरी टीप.

उभा टांगायचा असेल तर निळा वर, मिश्र पट्टी खाली.

निळा झेंडा वेगळा, हेही मुलांना सांगा. तो १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून चालत आलेला राजकीय आणि सामाजिक लढ्याचा. मिरवणुकीत, चौकात, कमानीवर तो हवाच. विहाराच्या ध्वजस्तंभावर पंचरंगी.

अंबड_फॅब्रिकेटर

चक्र: ८ आरे म्हणजे अष्टांगिक मार्ग. २४ म्हणजे अशोकचक्र, सारनाथच्या स्तंभशीर्षाच्या पट्टीवरचं आणि आपल्या राष्ट्रध्वजावरचं. २४ चा अर्थ प्रतीत्यसमुत्पादाच्या (दुःख कसं उपजतं त्या कारणसाखळीच्या) बारा कड्या, सुलट आणि उलट क्रमाने, असाही लावला जातो. दोन्ही बरोबर आहेत. पण गेटच्या कामात २४ का बिघडतं ते सांगतो.

चक्र २ फूट व्यासाचं, मधला तुंबा १०० मिमीचा, आरे १२ मिमी गोल सळईचे. तुंब्याचा परीघ ३१४ मिमी. त्याला २४ ने भागलं की एका आऱ्याला १३ मिमी जागा. १२ ची सळई ठेवली की फट उरली १ मिमी, तीही वेल्डिंगच्या मालाने भरते. मग मधे एक गोळा दिसतो आणि चक्र वाचताच येत नाही. तुंबा १५० मिमी करा (एका आऱ्याला १९ मिमीच्या वर जागा मिळते) आणि सळई ८ मिमी घ्या. नाहीतर ५ मिमी पत्र्यातून लेझर कटिंग करून घ्या, २४ ला ते स्वस्तही पडतं. ८ आरे असतील तर १०० चा तुंबा आणि १२ ची सळई उत्तम, लांबूनही स्पष्ट.

आखणी: कंपासात वर्तुळाची त्रिज्याच घेऊन कडेवर फिरवा, सहा खुणा बरोब्बर बसतात. प्रत्येक भाग दोनदा दुभागला की २४. आठ हवे असतील तर व्यास, त्याला काटकोनात दुसरा व्यास, मग दुभाजक. डोळ्याच्या अंदाजाने आखलं तर चूक शेवटच्या आऱ्यात जमा होते.

टाके समोरासमोर मारा: पहिला, तेरावा, सातवा, एकोणिसावा, असं. ओळीने मारत गेलं की उष्णतेने कडी ओढली जाते आणि चक्र अंडाकृती होतं. मग रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर रंग.

आणि गेटच्या दोन पानांवर अर्धं-अर्धं चक्र करू नका. बिजागरी जराशी बसली की दोन अर्धी खालीवर होतात. चक्र कमानीवर, अखंड. समितीच्या पत्रावर किंवा गाडीवर चार सिंहांची राजमुद्रा छापायचा मोह होतो. २००५ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे. चक्र वापरा.

दिमडी

मूर्ती, ध्वज, चक्र झालं. आवाजाचं काय? या चळवळीची पहिली कला गाणं आहे, आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा वाटा फार मोठा. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, धर्मांतराची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. दीक्षा अजून एकवीस वर्षं लांब होती. विहार नव्हते, मूर्ती नव्हत्या. विचार गावात पोचवला तो जलशांनी, म्हणजे गाण्या-वगांतून प्रबोधन करणाऱ्या पथकांनी. भीमराव कर्डकांचा जलसा याच जिल्ह्यातला. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ ते २००४.

जलशाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. तमाशाचा साचा तोच, ढोलकी तीच, पण गणात गणपतीच्या जागी नवं वंदन आलं, गौळण गेली, आणि वगात सावकार, शाळा, पाणवठा आला. लोकांना चाल ओळखीची होती म्हणून शब्द पटकन आत गेले. मूर्ती-भिंतीतही हेच करावं: रूप ओळखीचं, अर्थ आपला.

विहारासाठी सूचना: वर स्लॅब आणि उघड्या भिंती म्हणजे आवाज घुमणार. ढोलकी आणि स्पीकर एकत्र लागले की शब्द कळत नाहीत, आणि भीमगीतात शब्दच कळले नाहीत तर उरतं काय? मागच्या भिंतीला जाड पडदा, खाली सतरंजी, आणि मोठ्या एका स्पीकरऐवजी चार छोटे, बसलेल्यांच्या कानाच्या थोडे वर, कमी आवाजात. खंजिरी आणि दिमडीला माईक लागतच नाही. एका कपाटात वस्तीतल्या गायकांच्या जुन्या वह्या जपा. उतरवून घेताना शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा गाळू नका, गाणं कुणाचं ते तिच्यावरूनच ठरतं. 'वामन' आलं की कवी कळतो. यूट्यूबवर फिरणाऱ्या कितीतरी गाण्यांची शेवटची कडवी कापलेली असतात, हा त्या कवींवर अन्याय आहे.

रंगारी_देवळाली

भिंत मी घेतो.

नवं प्लास्टर २८ दिवस सुकू द्या. नंतर १८ इंची प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने रात्रभर लावा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. ओल असताना पुट्टी मारली की पुढच्या पावसाळ्यात लोणा फुटतो आणि चित्राचे पापुद्रे निघतात. बाहेरच्या बाजूने पाणी शिरत असेल तर आतून काही करून उपयोग नाही, आधी बाहेरचं वॉटरप्रूफिंग.

विषय: अख्ख्या भिंतीवर बुद्धचरित्राचे प्रसंग नकोत. मूर्तीमागे इतके चेहरे आले की मूर्ती हरवते. मधला ८ फूट भाग कोरा, फिकट. वर फक्त पिंपळाची फांदी. पान काढताना टोकाची शेपटी लांब ठेवा, पात्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. शेपटी आखूड झाली की ते नागवेलीचं पान दिसतं.

खाली पट्टा वेदिकेचा (दगडी कठड्याच्या नक्षीचा), चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर असतो तसा. २० फूट म्हणजे २४० इंच. ४ इंची ३० खांब, मधे २९ गाळे, गाळा ४ इंच १ सूत. उरलेली ३ सूत दोन टोकांना वाटा. प्रत्येक गाळ्यात तीन आडव्या सूची, भिंगासारख्या फुगीर. एक खांब आणि एक गाळा यांची स्टेन्सिल जाड प्लास्टिकची कापा. लेझर लेव्हलने आधी दोन्ही रेषा मारा. फरशीवरून मोजत गेलात तर फरशीचा उतार पट्ट्यात उतरतो. रंग दोनच: दगडी करडा आणि त्याचीच गडद छटा. चकचकीत ऑइल पेंट नको, दिवे परावर्तित होतात. मॅट इमल्शन.

सातपूर_उपासिका

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीपुढे असं मांडते: भूमिस्पर्श मुद्रा, ३ फूट, फायबर, ३० इंच चौथरा; बाबासाहेब शुभ्र वस्त्रात, प्रभावळीशिवाय; शिवलेला ध्वज; ८ आऱ्यांचं अखंड चक्र कमानीवर; भिंतीवर वेदिका आणि फांदी. प्रत्येकाखाली तीन ओळींचा फलक. प्रभावळीवर चर्चा होईल, पाथर्डी_फाटा दादांचा मुद्दाही तिथे वाचून दाखवेन.

एक राहिलं. दारासमोर बोधिवृक्ष लावायचाय, भिंतीपासून ६ फूट जागा आहे.

लेणीवाचक

६ फुटांवर नको. पिंपळाची मुळं पाया आणि ड्रेनेज दोन्ही फोडतात, निदान ३० फूट हवेत. आवारात तेवढी जागा नसेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलून जवळच्या मोकळ्या भूखंडावर लावा आणि पार बांधा. स्लॅबच्या कडेला आपोआप उगवलेलं पिंपळाचं रोप कोवळं असतानाच मुळासकट काढून तिकडे हलवा. वरून छाटलं तर ते पुन्हा फुटतं आणि फट वाढत जाते.